नॉटिंगहॅममधली पाच मिनिटांची साक्ष

मी इंग्लंडला गेले ती भाचीचं बाळंतपण करायला. परत आल्यावर नगरमध्ये जो तो विचारतो, "लंडन पाहिलं का? राणीचा वाडा पाहिला का?" राणीचा वाडा मी बाहेरूनसुद्धा पाहिला नाही. मी पाहिलं ते नॉटिंगहॅममधलं एक चर्च, वेम्बलीतलं एक किराणा दुकान आणि भाचीचं स्वयंपाकघर. पण त्या चर्चमध्ये जे झालं त्याच्या इकडे तऱ्हेतऱ्हेच्या गोष्टी फिरताहेत. साळवेबाईंनी अमेरिकन साहेबाला भर सभेत हाकलून दिलं, इथपर्यंत मजल गेली आहे. तसं काही झालं नाही. जे झालं ते लिहून ठेवते, म्हणजे ज्यांना माझ्याबद्दल वाईट बोलायचं आहे त्यांना निदान खऱ्यावरून बोलता येईल.

वॉटफर्ड

२००३ चा फेब्रुवारी होता. मी विमानातून उतरले, पण माझी बॅग उतरली नाही. ती मधल्याच कुठल्यातरी विमानतळावर राहिली. तिच्यात डिंक, अळीव, सुंठ, बाळंतशेपा, जुन्या लुगड्यांची दुपटी असं सगळं होतं. काउंटरवरच्या मुलीनं बॅगेत काय होतं ते लिहायला फॉर्म दिला. अळिवाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना. 'औषधी बिया' असं लिहिलं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की मी ते खोडून 'लाडूचं सामान' केलं.

न्यायला अनिरुद्ध जोशी आला होता. हा माझा विद्यार्थी. आमच्या मिशनच्या शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवला, त्यातल्या पहिल्या काही वर्गांतला. आता वॉटफर्डला राहतो, हॉस्पिटलमध्ये भूल देतो. "बाई, तुमच्या तासाला झोपायची सवय होती, तीच उपयोगी पडली," असं तो सगळ्यांना सांगतो.

दोन दिवस मी त्याच्याकडे राहिले. संध्याकाळी फिरायला नेलं तेव्हा त्यानं एका जुन्या दगडी इमारतीसमोर गाडी थांबवली. "बाई, हे तुमचं चर्च. आता इथे टू-बेड फ्लॅट्स आहेत."

वर बघितलं तर रंगीत काचेच्या उंच खिडकीत कुणाचे तरी मोजे वाळत होते. ज्यांच्या देशातून आमच्याकडे धर्म आला म्हणतात, त्यांच्याकडे त्याची ही अवस्था बघून मला हसावं की रडावं ते कळेना. अनिरुद्ध म्हणाला, "इथे धर्म कुणी फारसा मनावर घेत नाही. अमेरिकेत मात्र अजून त्यावर निवडणुका लढतात."

"आपल्याकडेही लढतात," मी म्हटलं. त्यानं गाडी सुरू केली. नगरचाच आहे, त्याला कळलं.

वेम्बली

दुसऱ्या दिवशी शनिवार. बाळंतिणीचं सामान परत घ्यायला हवं होतं, म्हणून अनिरुद्धनं मला ट्रेननं वेम्बलीला नेलं. डब्यात माणसांच्या हातात फलक होते, युद्ध नको म्हणणारे. त्या दिवशी लंडनमध्ये मोठा मोर्चा होता. अमेरिका इराकवर हल्ला करणार की नाही एवढंच तेव्हा सगळीकडे बोललं जात होतं.

माझ्या शेजारी पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. गळ्याला पांढरी पट्टी, म्हणजे पाळकाची कॉलर, आणि हातात तसाच फलक. मी आयुष्यात पहिल्यांदा रेव्हरंड बाई पाहिली. आमच्याकडे बायकांनी चर्चमध्ये फुलं लावायची, फार तर संडे स्कूल घ्यायचं. त्यांनी माझ्या गळ्यातला क्रूस पाहून विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती केव्हा झालात?"

हा प्रश्न मला जगात सगळीकडे भेटतो. गावाकडे तो 'कधी बाटलात' असा विचारतात, इतकाच फरक.

"पाच पिढ्या झाल्या," मी म्हटलं. "आमच्या भागात अमेरिकन मिशनरी आले होते."

"मग आज तुमची पंचाईतच आहे," त्या हसून म्हणाल्या. "चला माझ्याबरोबर मोर्चाला."

अनिरुद्ध घाईघाईनं मराठीत पुटपुटला, "बाई, तुमचा व्हिजा व्हिजिटरचा आहे."

मी म्हटलं, "मला अळीव घ्यायचे आहेत." रेव्हरंड बाईंना ते काय असतं ते समजावेपर्यंत वेम्बली आलं. उतरताना त्यांनी माझा हात दाबला. पुढे पंधरा दिवसांनी मी जे बोलले त्याला त्या बाई जबाबदार आहेत असं कुणी समजू नये. पण पाळकसुद्धा फलक धरून मोर्चाला जाऊ शकतो हे मी तिथे पाहिलं, हे खरं.

ईलिंग रोडवरच्या दुकानात अळीव म्हटल्यावर कुणाला कळेना. शेवटी मी मूठभर मोहरीकडे बोट दाखवून, "याच्यापेक्षा बारीक, लांबट, पाण्यात फुगतं," असं सांगितलं. गल्ल्यावरच्या गुजराती आजी ओरडल्या, "अरे, असेळियो!" पुडी बांधताना त्यांचं लक्ष क्रुसाकडे गेलं. "ख्रिस्ती लोक पण सुवावडमां आ खाय?"

"बाळंतिणीची कंबर सगळ्या धर्मांत सारखीच दुखते," मी हिंदीत सांगितलं. आजींनी वर मूठभर डिंक तसाच घातला.

नॉटिंगहॅम

माझी भाची रूथ नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. नवरा सुहास कॉम्प्युटरवाला. माझी बहीण गेल्यापासून रूथचं माहेर म्हणजे मीच. तिला आठवा संपत आला होता. दारात मला बघून ती नुसतीच बिलगली. आम्हां ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर 'सलाम' म्हणतात, तेही आम्ही विसरलो.

घरात कुठेही हात लावा, तिथे चर्चमधल्या माणसांची काहीतरी वस्तू. पाळणा कुणी दिलेला, पडदे कुणी शिवलेले. आदल्या वर्षी रूथचं पहिलं मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हा मला व्हिजा वेळेवर मिळाला नव्हता. त्या वेळी मार्गारेट नावाच्या सत्तरीच्या बाई महिनाभर रोज जेवणाचा डबा घेऊन आल्या. रूथ बोलायची नाही, तर त्या नुसत्या शेजारी बसून विणकाम करायच्या. हे मी आधीच सांगून ठेवते. ही माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर माझं काम फार सोपं झालं असतं.

पहिल्या रविवारी चर्चला गेले. आमच्याकडे चपला बाहेर, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, पेटी-तबल्यावर भजन. इथे लोक बूट घालून, हातात कॉफीचे कप घेऊन आत येतात, गिटार वाजते आणि गाण्याचे शब्द पडद्यावर दिसतात. उपासनेनंतर पाळक कीथ माझ्याकडे आले. चाळिशीतला हसतमुख माणूस. पुढच्या रविवारी अमेरिकेहून ब्रदर डेल येणार होते. अमेरिकेचा इतिहास आणि देवाची योजना या विषयावर ते गावोगाव बोलत. कीथ म्हणाले, "त्यांच्यानंतर तुम्ही पाच मिनिटं साक्ष द्या ना. अमेरिकन ख्रिस्ती लोकांनी तुमच्या लोकांसाठी काय केलं ते सांगा. त्यांना फार बरं वाटेल."

साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सभेत उठून सांगणं; मी होकार दिला. त्यात न देण्यासारखं काय होतं?

रूथनं हौसेनं इंग्रजीत कागद टाइप करून दिला. "मावशी, तुला सोपं पडावं म्हणून." मी चष्मा लावून वाचला. आम्ही अंधारात होतो, अमेरिकेनं प्रकाश आणला, आम्ही त्या राष्ट्राचे ऋणी आहोत, देव त्याच्या सैन्याला यश देवो.

"हे शेवटचं कुठून आलं?"

"कीथनी सुचवलं. तिकडे सगळे असंच म्हणतात म्हणे." रूथ पोळीचं पीठ मळत होती, तिनं मान वर केली नाही.

"आणि अंधार कुठला? तुझे पूर्वज अभंग म्हणत होते. पुढे येशूची भजनंसुद्धा आपण अभंगाच्याच चालीवर म्हटली. आपल्याला विहिरीला शिवू देत नव्हते, हे खरं. आपल्याला शाळेत घेतलं ते अमेरिकन मॅडमनं, हेही खरं. तेवढं सांगते."

"मावशी, वाचून टाक ना. पाच मिनिटांचा प्रश्न आहे. या लोकांचे माझ्यावर किती उपकार आहेत तुला माहितीये."

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. खरं सांगते, त्या क्षणी मी वाचणारच होते.

पाच मिनिटं

ब्रदर डेल हे सहा फूट उंच, पांढऱ्या केसांचे, आवाजात गोडवा असलेले गृहस्थ. चांगले वक्ते. मी इतिहासाची शिक्षिका, त्यामुळे माझा कान तिखट. अर्ध्या तासात त्यांनी जहाजातून आलेल्या पहिल्या वसाहतवाल्यांपासून सुरुवात करून आजपर्यंत आणून सोडलं. देवानं हे राष्ट्र निवडलं, त्याला आशीर्वाद दिला, जगात सुवार्ता न्यायला जहाजं दिली आणि आता दुष्टांचं पारिपत्य करायला तलवार दिली. त्या जहाजांतून बेड्या घालून आणलेल्या माणसांचा उल्लेख नाही. त्या जमिनीवर आधी राहणाऱ्यांचा नाही. मग त्यांनी माझ्याकडे हात केला. "आपल्या कामाचं फळ आज इथे पहिल्या रांगेत बसलंय."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. गावात आम्हांला म्हणतात, तुम्ही अमेरिकेचे. आता अमेरिका म्हणत होती, तुम्ही आमचे. मी कुणाची आहे हे मला कुणी विचारतच नव्हतं.

मी उभी राहिले. पर्समधला कागद काढलाच नाही. माझं इंग्रजी पाठ्यपुस्तकी आहे, त्यामुळे मी हळू बोलले.

"माझ्या खापरपणजीचं नाव सगुणा. तिच्या गावात आमच्या लोकांना विहिरीवर पाणी भरता येत नसे. एक अमेरिकन मॅडम बैलगाडीतून आली आणि तिनं सगुणाला पाटीवर अक्षरं काढायला शिकवलं. त्या मॅडमचे उपकार मी मानते. मरेपर्यंत मानीन."

डेलनी मान डोलावली. मागून कुणीतरी आमेन म्हणालं.

"वाचता यायला लागल्यावर सगुणानं एका मासिकात काही वाचलं आणि मॅडमला विचारलं, 'तुमच्या देशात काळी माणसं विकतात, हे खरं का?' मॅडमनं पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, 'खरं आहे. ते पाप आहे, आणि ते माझ्या देशाचं पाप आहे.' आमच्या घरात ही गोष्ट पाच पिढ्या सांगत आलोय. आम्ही ख्रिस्ती झालो ते अमेरिका मोठी आहे म्हणून नव्हे. त्या बाईसाठी तिचा देश देवापेक्षा लहान होता, म्हणून झालो."

रूथ खाली बघत होती. मी बसू शकले असते.

"आज इथे मी ऐकलं की देवानं एका राष्ट्राच्या हातात तलवार दिली आहे. सगुणाला जे शिकवलं त्यात हे नव्हतं. तुमच्या लोकांनी आम्हांला वाचायला शिकवलं. आता आम्ही काय वाचलं ते तुम्हांला ऐकून घ्यावं लागेल. उपकार फेडायचे म्हणून मी खोटी साक्ष देणार नाही. या युद्धाला यश मिळावं अशी प्रार्थना मी करणार नाही."

एवढंच. हाकलून वगैरे कुणालाही दिलं नाही.

नंतर चहाच्या वेळी माझ्याभोवती रिकामं वर्तुळ झालं होतं. ते ओलांडून डेलच आले. हातातला कप तसाच भरलेला होता.

"मॅडम, माझा मुलगा कुवेतमध्ये आहे. तेवीस वर्षांचा. हुकमाची वाट बघतोय. त्याच्या आईला मी काय सांगू? तो पाप करायला गेलाय म्हणून?"

हे मला माहीत नव्हतं.

"नाव काय त्याचं?"

"केलेब."

"केलेबसाठी मी रोज प्रार्थना करीन. पण जिंकण्यासाठी नाही. त्याच्या हातून कुणी मरू नये आणि तो घरी यावा, म्हणून."

"युद्धात असं होत नसतं, मॅडम."

"म्हणून तर मी बोलले."

त्यांनी कप खाली ठेवला आणि निघून गेले. मी बोललेलं एक वाक्यही मागे घेतलं नाही, आजही घेत नाही. पण त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

सव्वा महिना

घरी आल्यावर रूथ कोट न काढताच म्हणाली, "तू दोन महिन्यांनी परत जाशील, मावशी. मला इथे राहायचंय. उद्या रात्रपाळीला जाताना मूल कुणाकडे ठेवू? तुझ्या सगुणाकडे?"

सुहास म्हणाला, "अगं, मावशी चूक बोलल्या नाहीत."

"मी कुठे म्हटलं चूक बोलली?" रूथ म्हणाली, आणि आत निघून गेली.

दोन दिवसांनी पाळक कीथ आले. चहा घेतला, लाडूही खाल्ला. मग म्हणाले, ब्रदर डेल दुखावले गेलेत, दोन ओळी लिहून दिल्यात तर बरं. मी म्हटलं, "त्यांचा मुलगा तिकडे आहे हे माहीत नसताना बोलले, याचं वाईट वाटतं, असं जरूर लिहीन. बोलले याचं वाईट वाटतं असं लिहिणार नाही." त्यांनी सुस्कारा टाकला. जाताना सौम्य आवाजात रूथला म्हणाले, "तू आता संडे स्कूलमधून थोडी विश्रांती घे." बाळासाठी म्हणताहेत असं वाटावं अशा बेतानं. मार्गारेटबाई त्या आठवड्यात आल्या नाहीत. पुढच्याही आल्या नाहीत. मी लाडू वळत राहिले, रूथ खात राहिली, आणि आम्ही दोघी भाजीला मीठ किती एवढंच बोलत होतो. माझ्या मनात अनेकदा आलं, बाई, तू कशाला उठलीस? तुझा बाणेदारपणा, आणि किंमत या पोरीनं द्यायची.

मार्चच्या मध्यावर मुलगी झाली. सुखरूप. रूथ दोन दिवस जास्त हॉस्पिटलमध्ये राहिली. घरी येऊन जेमतेम दोन-तीन दिवस झाले होते, तेव्हा युद्ध सुरू झालं. टीव्हीवर बगदादच्या आकाशात आगीचे लोळ उठत होते. रूथ बाळाला पाजत होती. तिनं आवाज बंद केला, चित्र मात्र बघत राहिली. बघता बघता म्हणाली, "तिथे आत्ता कुणीतरी ड्यूटीवर असेल." मला वाटलं स्वतःशीच बोलतेय.

रविवारी सकाळी ती कपडे करून उभी. मी म्हटलं, "नववा दिवस आहे. सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही." नर्स असलेल्या मुलीला हे सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. बाळाला शालीत गुंडाळून आम्ही चौघं निघालो.

चर्च गच्च भरलं होतं. लोकांनी बाळाकडे पाहून स्मित केलं, माझ्याकडे पाहून मिटवलं. कीथनी आपल्या सैनिकांसाठी प्रार्थना केली. इंग्लंडचीही मुलं गेली होती, त्यांची नावं घेतली, बायका डोळे पुसत होत्या. त्या प्रत्येक नावाला मी आमेन म्हटलं. मग त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, आणखी कुणाला प्रार्थना करायची आहे का?

रूथनं बाळ सुहासच्या हातात दिलं आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. टाके ताजे होते, तिला सरळ उभं राहता येत नव्हतं.

"प्रभू," ती इंग्रजीत म्हणाली, "बगदादच्या लेबर वॉर्डमध्ये आज ज्या सिस्टर्स ड्यूटीवर आहेत त्यांना सांभाळ. लाइट गेले असतील, त्यांचे हात थरथरू देऊ नकोस. आज तिथे जी मुलं जन्मतील ती आमचीच आहेत, हे आम्हांला कळू दे. आमच्या बॉम्बबद्दल आम्हांला क्षमा कर."

प्रार्थना संपली. कुणी आमेन म्हटलं नाही. गिटारवाल्यानं कीथकडे पाहिलं, कीथनी पायांकडे. मी तोंड उघडलं, तर रूथनं माझ्या खांद्यावर हात ठेवून दाबला आणि मराठीत हळूच म्हणाली, "तू नको, मावशी. यांच्यापैकी कुणीतरी म्हणू दे."

आणि ती खाली बसली नाही.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. तिचा माझ्या खांद्यावरचा हात जड होत चालला होता. सुहास अर्धवट उठला, तिनं मानेनंच त्याला बसवलं. उजवीकडच्या रांगेत एक खुर्ची करकरली. मार्गारेटबाई काठी टेकून उभ्या राहत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. समोर क्रुसाकडे पाहत, राग आल्यासारख्या आवाजात त्या म्हणाल्या, "आमेन."

मग रूथ बसली.